आजोबांची बुलेट, टाकीवरचं पेंटिंग आणि ते जपायचं कसं

घरात जुनी बुलेट असली आणि तिच्या टाकीवर हाताने काढलेलं काही असलं, म्हणजे नाव असेल, देव असेल, घोडा असेल, नुसत्या सोनेरी रेषा असतील, तर पहिली गोष्ट ही की गॅरेजवाल्याचं लगेच ऐकू नका. तो गाडी बघितल्या बघितल्या म्हणणार, "मालक, टाकी घासून टाकू, चार दिवसात शोरूमसारखी करून देतो." तो वाईट हेतूने म्हणत नाही, त्याला खरंच वाटतं की चमकणारी गाडी म्हणजे चांगली गाडी. पण पिस्टन करोल बागेत मिळतो, नाना पेठेत क्लच प्लेट मिळते, सायलेन्सर तर ऑनलाइन पण मिळतो, आणि त्या टाकीवर ज्या पेंटरने ब्रश फिरवला तो हात कुठल्याच दुकानात मिळत नाही. त्यामुळे अशा गाडीचं कुठलंही काम ठरवताना आधी रंगाचा विचार करायचा आणि मग इंजिनचा. सगळे उलट करतात म्हणून लिहायला बसलो.

मी कोल्हापूरकडचा, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील. आमच्याकडे बुलेटचं वेड आणि पेंटर लोकांची परंपरा दोन्ही एकाच गावात आहे. बाबूराव पेंटरांच्या (१८९०-१९५४) गावात पुढे दोन-तीन पिढ्या पडदे, बोर्ड, सिनेमाचे बॅनर, नंबर प्लेटा, ट्रकचे हौदे यावर हात बसलेली माणसं होती, आणि त्यातलाच कोणीतरी संध्याकाळी बोर्डाचं काम संपलं की मित्राच्या गाडीची टाकी रंगवून द्यायचा. फ्लेक्स आल्यावर हा धंदा बसला. तुमची गाडी राजदूत असो, येझदी असो किंवा जावा असो, खालचं बहुतेक सगळं तसंच लागू होतं, फक्त इंजिनचा भाग वेगळा.

हात लावायच्या आधी नोंद करा

गाडी धुवायच्या पण आधी. धुळीसकट फोटो काढा. दुपारच्या उन्हात नाही, सावलीत काढा, उन्हात टाकीवर आभाळच दिसतं, चित्र दिसत नाही. टाकीच्या दोन्ही बाजू, वरून, खालून, टूलबॉक्स, दोन्ही मडगार्ड, आणि प्रत्येक फोटोत एक शाळेची पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. मग तिरपा टॉर्च मारून परत काढा. तिरप्या उजेडात ब्रशचे फटकारे, रंगाचे पोपडे, जुने टचअप सगळं उघडं पडतं.

आमच्या टाकीवर डाव्या बाजूला जोतिबाचा घोडा आहे आणि उजवीकडे "जोतिबा प्रसन्न". टॉर्च तिरपा धरला की "जो" चा काना दोनदा ओढलेला दिसतो, पहिला थोडा वाकडा गेला म्हणून पेंटरने त्यावर शेडिंग टाकून तो झाकलाय, आणि पेट्रोलच्या झाकणाच्या मागे जिथे सोनेरी रेषेची दोन टोकं भेटतात तिथे ब्रश उचलल्याची बारीक शेपटी राहिलीय. असल्या गोष्टी लिहून ठेवा. उद्या काही पडलं, घासलं, उडालं तर दुरुस्ती करणाऱ्याला हेच उपयोगी पडणार आहे.

मग बटर पेपर आणा, टाकीवर नुसता हाताने धरा (चिकटपट्टी लावायची नाही, जुना रंग चिकटपट्टीबरोबर निघून येतो), आणि मऊ शिसपेन्सिलने अक्षरं हलक्या हाताने ट्रेस करा. दाबू नका. जिथे रंग सुटलाय तिथे ट्रेस करूच नका, फोटोवर भागवा.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबरचं पेन्सिल प्रिंट पण आत्ताच घेऊन ठेवा, आरटीओत लागतंच. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवून विचारा की रंगवलं कोणी, कधी, कशासाठी, किती पैसे घेतले, मूळ रंग कुठला होता. मोबाइलवर रेकॉर्ड करा. आत्या आणि काका दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतील, दोन्ही ठेवा, भांडण लावू नका. कंपनीच्या रेषा कुठल्या आणि आपल्या पेंटरच्या कुठल्या हे पण यातूनच कळतं, कारण बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा मद्रासजवळ तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात हातानेच मारायचे, त्यामुळे "हाताने काढलंय म्हणजे आपल्या पेंटरनेच काढलंय" असं लगेच धरून चालू नका.

रंग कुठला आहे ते ओळखा

ढोबळमानाने तीन प्रकार सापडतात. एक म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज), जुने पेंटर ज्याला ड्युको म्हणतात. दुसरा इनॅमल, बोर्डवाले पेंटर हाच वापरायचे. आणि तिसरा हल्लीचा टू-के, हार्डनर घालून मारायचा पीयू (पॉलीयुरेथेन). ओळखायला इअरबडवर थोडं एनसी थिनर घ्या आणि सीटच्या नाकाखाली टाकीचा जो भाग झाकलेला असतो तिथे, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, हलकं टेकवा. लगेच रंग बडला लागला तर एनसी. थोडा वेळ काही नाही आणि मग फुगून सुरकुती पडली तर इनॅमल. काहीच झालं नाही तर टू-के, म्हणजे कोणीतरी मधल्या काळात बेस परत मारलाय. अक्षरांवर किंवा चित्रावर ही टेस्ट कधीच करायची नाही, आणि बेस एक प्रकारचा आणि वरचं चित्र दुसऱ्या प्रकारचं हे अगदी नेहमीचं आहे.

हे कळलं की पुढचा सगळ्यात मोठा घोटाळा टळतो. बरेच जण म्हणतात, "चित्र तसंच ठेवू आणि वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारून टाकू, म्हणजे कायमचं सेफ." टू-के क्लिअरमधलं सॉल्व्हंट जुन्या इनॅमलला उचलतं, चित्र डोळ्यादेखत चुरगळतं, आणि मग मागे फिरायला रस्ता नसतो. शिवाय समजा नशिबाने बसलं, तरी तो कोट उद्या काढता येत नाही. जे परत काढता येत नाही ते लावायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी खूप झालं. पीपीएफ फिल्म (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म), सिरॅमिक कोटिंग हे सगळं याच नियमात बसवा, नव्या गाडीला ठीक आहे, इथे नको. फिल्म काढताना खालचा घोडा पण तिच्याबरोबर जाईल.

सोनेरी रेषांचं वेगळं बघा. रेष अजून पिवळी झगझगीत असेल तर खऱ्या वर्खाची असू शकते. तपकिरी, हिरवट पडली असेल तर सोनेरी पावडर व्हार्निशमध्ये कालवून मारलेली आहे, कारण ती पावडर म्हणजे तांबं आणि जस्त, ती काळवंडणारच. हिरवट रेष घासून परत सोनेरी होत नाही, घासली की गायब होते. तशीच राहू द्या.

धुणं आणि पुसणं

सर्व्हिसिंगला टाकायची नाही. म्हणजे इंजिनच्या कामाला टाका, पण "वॉशिंग नको" हे जॉबकार्डवर लिहून घ्या आणि तोंडी पण दोनदा सांगा, कारण रॅम्पवर चढवून डिझेल मारणारा पोरगा जॉबकार्ड वाचत नाही. डिझेल, रॉकेल आणि नंतर प्रेशरचं पाणी, या तिन्ही गोष्टी जुन्या रंगाला वाईट. प्रेशरचं पाणी तर पोपड्याखाली घुसतं आणि आतून गंज धरतो. शक्य असेल तर टाकी काढून घरी ठेवा आणि उरलेली गाडी मेस्त्रींकडे न्या, कार्ब्युरेटरपुरतं पेट्रोल बाटलीतून देता येतं, जुने मेस्त्री लोक तसंच करतात.

घरी करताना कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका, धुळीत वाळू असते आणि ती पॉलिश पेपरसारखी ओरखडे काढते. आधी मऊ मोठ्या ब्रशने धूळ झटका. मग जुनी सुती साडी नाहीतर धोतर, पन्नास वेळा धुतलेलं, त्याची फडकी करा. पाणी बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग गडद रंगावर बसले की निघत नाहीत. त्यात बेबी शांपूचे दोन थेंब. फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, टाकीवर पाणी ओघळता कामा नये. एका दिशेने पुसायचं, गोल गोल नाही. लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं.

अक्षरांवर फडकं नको. तिथे इअरबड, थोडासा ओला, आणि घासायचा नाही, फिरवायचा, म्हणजे काडी बोटात गोल फिरवत पुढे न्यायची. प्रत्येक वेळी बडकडे बघा. काळं आलं तर मळ आहे, चालू द्या. हिरवं, लाल, निळं आलं तर थांबा, तो रंग आहे. हट्टी मळाला थुंकी चालते. हसू नका, चित्रं दुरुस्त करणारे लोक पण लाळ वापरतात, कोमट असते आणि त्यात मळ सोडवणारी एन्झाइम असतात. फक्त तंबाखू खाऊन नको.

रबिंग कंपाउंड चित्राच्या जवळपास पण आणू नका. बेसच्या मोकळ्या भागावर वर्षातून एखाद्या वेळी पातळ कार्नोबा वॅक्स चालेल, पण सिलिकॉनवालं स्प्रे पॉलिश नको. ते चकचकीत दिसतं पण रंगाच्या भेगांत जाऊन बसतं आणि पुढे कधी टचअप करायला गेलात की रंग तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पडतात.

आणि पट्ट्याचं बक्कल. टाकीच्या मागच्या टोकाला जे ओरखडे असतात ते नव्वद टक्के बक्कल आणि जॅकेटच्या चेनचे. गाडीवर बसताना शर्ट बाहेर काढा, एवढा सोपा उपाय आहे.

दसऱ्याला काय करायचं

यावर कोणी लिहीत नाही पण सगळ्यात जास्त नुकसान खंडेनवमीला होतं. पूजा करू नका असं म्हणायची माझी हिंमत नाही, आमच्या घरात तर त्या दिवशी गाडी अंगणात मधोमध असते. पण बघा काय काय होतं. आजी टाकीवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढते. हळदीचा डाग इनॅमलमध्ये मुरतो. बाजारच्या कुंकवात कुठला रंग असतो देव जाणे, तो फिकट बेसवर गुलाबी होऊन कायमचा बसतो. झेंडूची ओली माळ दिवसभर टाकीवर राहिली की खाली पिवळसर ठसा. नारळ पुढच्या चाकापाशी फोडला की पाणी मडगार्डवर उडतं. आणि कापराची आरती पेट्रोलच्या टाकीभोवती ओवाळतात, ते बघून तर माझा जीवच वर येतो.

तडजोड अशी की स्वस्तिक हेडलाइटच्या काचेवर काढायचं, काच पुसली की झालं. हळदकुंकू नंबर प्लेटला. माळ हँडलला घालायची, टाकीला टेकणार नाही एवढी आखूड. टाकीवर आधी एक स्वच्छ रेशमी नाहीतर सुती वस्त्र टाका, देवाला घालतो तसं, त्यावर फूल-अक्षता ठेवा, आजी पण खूश. नारळ चार हात लांब फोडा. आरतीच्या वेळी पेट्रोलचा कॉक बंद, झाकण घट्ट, आणि गाडी आदल्या दिवशी टाकी फुल करून आणू नका. तरी कुंकू सांडलंच तर कोरडं असतानाच ब्रशने झटका, ओलं फडकं लावलं की पसरतं.

पेट्रोल आणि टाकीच्या आतली बाजू

बाहेरचं चित्र बऱ्याचदा आतून मरतं. टाकी आतून गंजते, पत्रा पातळ होतो, बारीक भोक पडतं, पेट्रोल झिरपतं आणि रंग फुगवतं. त्यात आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि नेमका तोच तळ आधी गंजतो. जुने रबरी पाइप आणि सील पण कडक होतात नाहीतर फुगतात, त्यामुळे पेट्रोल पाइप इथेनॉलला चालणारा नवीन टाका, तो दिसतही नाही आणि वारशाला धक्काही लागत नाही.

गाडी महिनाभर चालवणार नसाल तर टाकी रिकामी करा. पूर्वी सांगायचे की फुल भरून ठेवा म्हणजे गंज धरत नाही, ते त्या काळच्या पेट्रोलला ठीक होतं. रिकामी करून आत थोडं इंजिन ऑइल टाकून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा, आतून पातळ थर बसतो. परत वापरायच्या वेळी थोड्या पेट्रोलने खळबळून ते काढून टाका. पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसाच्या हातात नोझल देऊ नका, स्वतः धरता आलं तर बघा, नाहीतर निदान झाकणाभोवती जाड फडकं गुंडाळून धरा आणि काठोकाठ भरू नका. सांडलंच तर चोळू नका, टिपा.

आत गंज असेलच तर काढायची पद्धत अशी. टाकी उतरवा, पेट्रोल पूर्ण काढा, दोन-तीन दिवस झाकण उघडं ठेवून मोकळ्या हवेत वाळवा. आसपास बिडी, गॅस, इन्व्हर्टर काही नको. टाकी जुन्या गादीवर ठेवा. बाहेरचं सगळं अंग आधी मऊ सुती कापडाने आणि त्यावर स्वयंपाकघरातल्या क्लिंग फिल्मने गुंडाळा, फिल्म फिल्मलाच चिकटेल अशी, रंगाला नाही. तोंडाभोवती कापडाची जाड चुंबळ. कॉक काढून तिथे बूच.

मग लिंबूसत, म्हणजे सायट्रिक अॅसिड, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून टाकी भरा. जुन्या बुलेटची टाकी साधारण साडेचौदा लिटरची, त्या हिशोबाने आणा. रात्रभर ठेवा, सकाळी बघा, गरज वाटली तर परत नवीन द्रावण. काही जण आत नटबोल्ट टाकून टाकी हलवतात, मला ते पटत नाही, टाकी हलवताना हातातली अंगठी आणि घड्याळ बाहेरून ओरखडतं आणि जुना रंग आतल्या हादऱ्याने सुटतो. अॅसिड काढल्यावर खायच्या सोड्याचं पाणी घालायचं, पण थोडं थोडं, कारण एकदम घातलं तर फसफसून तोंडातून वर येतं आणि सरळ चित्रावर ओघळतं, चुंबळ त्याच्यासाठीच आहे. दोनदा साध्या पाण्याने धुवा, मग हेअर ड्रायरची गार नाहीतर कोमट हवा आत सोडा. इथे वेळ घालवू नका, साफ झालेला पत्रा बघता बघता परत लालसर होतो. वाळला की लगेच ऑइल फिरवा.

टँक सीलर, म्हणजे आतून इपॉक्सी ओतायचं, शक्यतो टाळा. ओतताना बाहेर सांडलं तर रंगाची वाट, आणि काही सीलर इथेनॉलने सुटतात, मग त्याचे तुकडे कार्ब्युरेटरमध्ये. आणि ब्रेझिंग, वेल्डिंग तर नावच काढू नका. एक तर रिकाम्या टाकीतली वाफ स्फोट करते, हे प्रत्येक मेस्त्रीला माहीत असतं तरी दरवर्षी कुठेतरी होतंच, आणि दुसरं म्हणजे उष्णतेने भोकाभोवतीचा वीतभर रंग जळतो.

मग टाकी गळतच असेल तर?

दुसरी टाकी घ्या. हे ऐकून घरातले नाक मुरडतात, पण माझ्या मते हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे, गळत नसली तरी. पॅटर्न टाकी, म्हणजे कंपनीची नसलेली पण तशीच बनवलेली, बाजारात मिळते, मापाला थोडी इकडेतिकडे असते, रबर बुश घालून बसवावी लागते. तिला साधा बेस कलर मारा आणि रोजची गाडी त्या टाकीवर चालवा. मूळ टाकी आत ऑइल फिरवून, कपड्यात गुंडाळून, घरात आडोशाला, जमिनीपासून वर ठेवा. गाडी लग्नात, दसऱ्याला, नाहीतर जोतिबाला न्यायची असेल तेव्हा मूळ टाकी चढवायची. पुढचे-मागचे बोल्ट आणि एक पाइप, जास्त काम नसतं. फक्त चढवताना दोन माणसं लागतात, एकट्याने केलं की टाकीचा कोपरा हँडलला लागतोच.

नव्या टाकीवर जुन्याची कॉपी काढून घ्यायची का? काढा की, हौस असेल तर. त्यासाठी बटर पेपर आहेच. पण खाली एका कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आणि वर्ष टाकायला सांगा म्हणजे पन्नास वर्षांनी कोणाचा गोंधळ होणार नाही.

पोपडे आणि टचअप

रंग उडालेला भाग आणि रंग सुटू लागलेला भाग, दोन्ही वेगळे. जिथे उडालाय आणि पत्रा दिसतोय तिथे गंज थांबवायला थोडं मेणाचं बोट पुरतं, बाकी काही करायलाच पाहिजे असं नाही. जिथे पोपडा अजून लटकतोय तिथे तुम्ही हात लावू नका, फेविक्विक तर अजिबात नको. हे काम जुनी चित्रं, पोथ्या दुरुस्त करणाऱ्या कन्झर्व्हेटरचं आहे. पोपडा पडलाच तर छोट्या डबीत कापसात ठेवा, तो परत बसवता येतो आणि नाही बसवला तरी रंगाचा शेड जुळवायला त्याच्यासारखा पुरावा नाही.

टचअप करायचंच ठरलं तर नियम असा की नवा रंग फक्त खड्ड्यात जाईल, जुन्या रंगावर एक केसभर पण चढणार नाही. पेंटर लोकांना हे जड जातं कारण त्यांचा हात अख्खं अक्षर "फ्रेश" करायला शिवशिवतो. "असू दे ओ, मी जरा मस्त उठावदार करून देतो" असं म्हटलं की समजा की पेंटर मामांना चहा पाजून परत पाठवायची वेळ आली. शोधायचाच तर ट्रकच्या बॉडीला रेषा ओढणारा म्हातारा पेंटर शोधा, त्याला लांब केसांचा ब्रश धरता येतो, आणि त्याला आधी जुन्या पत्र्यावर तीच रेष ओढून दाखवायला सांगा. रंग जुळवताना आजच्या डब्यातला तेजस्वी लाल नको, पन्नास वर्षांच्या उन्हाने जो झालाय तो लाल पाहिजे, म्हणजे त्यात थोडा तपकिरी, थोडा पिवळा जाणार.

पूर्ण रिस्टोरेशनवाले लोक फ्रेम, मडगार्ड पावडर कोटिंगला देतात. भट्टीचं तापमान १८० ते २०० अंश सेल्सियस आणि त्याआधी सँडब्लास्टिंग, म्हणजे जुनं सगळं साफ. ज्या भागावर काहीच काढलेलं नाही आणि गंजाने खाल्लंय, उदाहरणार्थ स्टँड, तिथे खुशाल करा. पण सगळा "सेट" एकदम देऊ नका, टूलबॉक्सच्या झाकणावर बारीक ॐ होता हे भट्टीतून आल्यावर कळून उपयोग नाही.

इंजिनाचं थोडक्यात

यावर माहिती भरपूर आहे म्हणून जास्त लिहीत नाही. कास्ट आयर्न, म्हणजे जुन्या बिडाच्या इंजिनची बुलेट आठवड्यातून एकदा नुसती चालू करून दोन मिनिटांनी बंद करायची सवय असेल तर ती सोडा, इंजिन तापत नाही आणि आत ओल साठते. पंधरा दिवसांनी काढा पण चांगली वीस-पंचवीस मिनिटं चालवा. खूप दिवस उभी असेल तर ऑइल खाली क्रँककेसमध्ये उतरतं, मग धूर करते, घाबरू नका. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करताना इंजिन गार पाहिजे आणि पुशरॉड (व्हॉल्व्हला ढकलणारा दांडा) बोटांनी फिरला पाहिजे पण वरखाली खेळता कामा नये. इग्निशनच्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. किक मारताना अँपिअर मीटरचा काटा मधे आला की डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडायचा छोटा लिव्हर) दाबून किक थोडी पुढे घ्या, सोडा आणि मग पूर्ण किक. काटा न बघता किक मारणाऱ्याच्या पायाला गाडी परत किक मारते. नवीन पिढीला गाडी देताना गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात आहे हे गेटच्या आतच शिकवा.

ठेवायची जागा

प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाका. आमच्याकडच्या पावसाळ्यात त्याच्या आत घाम येतो आणि टाकीवर फोड उठतात. जुनी सुती चादर घाला, आठवड्यातून एकदा काढून हवा लागू द्या. गुडघ्याचे रबर पॅड असतील तर त्यांच्या मागे पाणी अडकतं, पावसाळा संपला की काढून बघा. खिडकीतून ऊन एकाच बाजूवर पडत असेल तर ती बाजू फिकी पडते, पडदा लावा. आणि गाडी सायकल, गॅस सिलिंडर, गोणी यांच्यासाठी कॉमन भिंत होऊ देऊ नका, अंगणातल्या गाडीला सगळ्यात जास्त धोका घरातल्याच माणसांचा असतो.

कागद

आजोबा गेले आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे, अशा गाड्या गावोगाव आहेत. कायद्याने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची. उशीर झाला असला तरी करून टाका. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बाकीच्या भावंडांची आणि आत्यांची संमती लागते, आणि ही संमती सगळे गोडीत असतानाच घ्या. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो, तो आत्ताच लावला तर पुढच्या पिढीचे हेलपाटे वाचतील. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी हे आहेच. आरसीवर रंगाचा रकाना असतो, टाकीवरच्या चित्राने फरक पडत नाही पण गाडीचा मूळ रंगच बदललेला असेल तर नोंद करून घ्या.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, पण मग ती रोज भाजी आणायला वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढंच. आठवड्याला चक्कर मारणाऱ्याने या भानगडीत पडू नये असं माझं मत.

शेवटचं, एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवीन प्लेट लावावी लागते, जुन्या तीन अक्षरी नंबरांना पण. बसवणारा पोरगा घाईत असतो आणि ड्रिल हातात घेऊनच येतो. जुन्या बुलेटची पुढची प्लेट मडगार्डवर आडवी-लांब असते आणि त्याला ती पद्धत माहीत नसते, तो सरळ मडगार्डला भोक पाडायला बघतो. जायच्या आधी मेस्त्रींकडून एक छोटी पट्टी बनवून जुन्याच भोकांवर बसवून घ्या, म्हणजे नवी प्लेट त्या पट्टीवर येते. ड्रिल चालू असताना मडगार्डवर आणि टाकीवर जाड घोंगडी टाका, लोखंडाचा गरम किस रंगात रुततो. आणि पेंटरने हाताने लिहिलेली जुनी प्लेट निघाली की लगेच पिशवीत घाला, तिथल्या ढिगात एकदा गेली की ती भंगारातच जाते.